मांडवातला बाजेवाला

हुडकेश्वर, नागपूर
१० एप्रिल १९८३

ती. सौ. गोपिकाताईस,

शालिकरामचा नमस्कार. मी बरा आहो. उन्हानं डोकं फिरून राहिलं, पण ते दरसालचंच. तुमच्याकडे संत्र्याले पाणी पुरते ना? रुपराव भाऊजींले नमस्कार सांगजो, घेतील तर.

मी शाळेतली नोकरी सोडली तेव्हा तू विचारलं होतं, "काहून सोडली गा?" आता सांगतो. मी कामठीले जाऊन बास गिटार शिकून राहिलो. चार जाड तारा, खर्जातला आवाज. शिकवणारे पीटर मास्तर फौजेच्या बँडातून रिटायर झालेले. आधी बोटाले फोड आले, आता घट्टे पडले.

माझी खोड एकच. आपल्या गावच्या भजनात शेवटाकडे लय वाढवत नेतात ना, तसा माझा हात गाणं संपत आलं की पळते. मास्तर ओरडतात, "अरे, भजन मंडली है क्या? भागता कहाँ है?" मागच्या महिन्यात मले पहिल्यांदा ऑर्केस्ट्रात उभं केलं. मी पळालो, माझ्यामागं ड्रमवाला पळाला, अन् गाणाऱ्या बाईचा दम उखडला! लोकांनी टाळ्या मात्र कडक वाजवल्या. मास्तरांनी घरी पोचेपर्यंत मले टाळीवर लय मोजाले लावली.

तुमच्याकडे लग्न जमल्याचं उडत कानावर आलं, पण पत्रिका आली नाही. टपालाचं काही खरं नाही, म्हणून मी वाट पाहिली. मग आमचे ऑर्केस्ट्रावाले चंपतराव म्हणाले, कामठीच्या एका वरातीसोबत नरखेडकडे जायचं आहे. गाव विचारलं तर तुमचं. नवरीचं नाव विचारलं तर आपली पुष्पलता.

ताई वं, भाचीचं लग्न मामाले असं बाहेरून समजावं? मले खूप लागलं.

"बाजेवाला माझ्या मांडवात मामा म्हणून उभा राहणार नाही," असं भाऊजी म्हणाले म्हणे. तुमच्या शेजारच्या यमुताई इकडे आल्या होत्या, त्यांनी सांगितलं. नवरीमागं आपल्या चुलतभावाले, धोंडबाले, उभं करणार हेही त्याच म्हणाल्या. धोंडबा माणूस चांगला आहे. पण पुष्पाले खांद्यावर बसवून पोळ्याचे बैल कोणी दाखवले? मीच ना?

तर मी येऊन राहिलो. भांडाले नाही, वाजवाले. वरपक्षानं आणलेल्या माणसाले भाऊजी हाकलणार नाहीत, व्याह्याचा मान ते राखतात.

एक सांगून ठेवतो. मंगलाष्टकं सुरू झाली की ऑर्केस्ट्रा बंद असते. तेवढा वेळ गिटार खुर्चीवर ठेवून मी रिकामाच असतो. भाऊजींले म्हणाची तुझी हिंमत होत नसन तर नको म्हणू. नवरीले बाहेर आणाच्या वेळी एकदा फक्त स्टेजकडे पाहजो. मी तुझ्याकडेच पाहून राहीन.

पुष्पाचा मामा,
शालिकराम