कोंडीच्या नावाचा अभिप्राय

मी, धाऊ राघो भोईर, वय एकोणपन्नास, राहणार मौजे उंबरवणे, तालुका कर्जत, जिल्हा कुलाबा, गावच्या वाचनालयाची किल्ली सांभाळणारा. आज सकाळी नदीवर स्नान केले, मारुतीला फूल वाहिले, वाचनालयातली अभिप्रायांची वही काखेत घेतली आणि ठाकरवाडीची चढण चढून जाऊन आलो. छातीत कळ येते, पण डोके जागेवर आहे. हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. सांगणारे घरात कोणी नाही.

घर व भाताचे खाचर धाकटा भाऊ जैतू याला. "पुस्तकं वाचून पोट भरतं का रं?" असे तो विचारी. वर्षातून एकदा "जेवलास का?" असेही विचारावे, अशी अट घालणार होतो. मेल्यावर तिचा उपयोग नाही, म्हणून घातली नाही.

पूजेची तांब्याची भांडी मारुतीच्या देवळाला.

एका इनामदार घराण्याच्या चार पिढ्यांची जाड कादंबरी माझ्या मालकीची आहे. गावात पुष्कळांनी ती नेऊन वाचली. वाचनालयाचे अध्यक्ष आबाजी खोतांनी वहीत लिहिले, "आमच्याच घराची गोष्ट वाटली." दुकानदार सिराज यांनी लिहिले, "शेवटी लग्न हवे होते." पत्नी वारल्यावर मी ती ओट्यावर बसून मोठ्याने वाचत असे. मोळी विकायला येणारी कोंडी ठाकरीण पायरीशी थांबून ऐके. एके दुपारी म्हणाली, "चार पिढ्या जेवल्या रं दादा, पन चुलीला लाकडं कुनी आनली? तिला नावच नाय?"

ते बोलणे मी शुद्ध करून वहीत लिहिले आणि खाली स्वतःची सही केली. वार्षिक सभेत पाहुण्यांनी ते वाचले, मला उपरणे दिले. कोंडी मोळी घेऊन अंगणात उभी होती. "माजं बोलनं तुज्या नावावर बरं शोबतं," एवढेच म्हणून गेली. नऊ वर्षे पायरी रिकामी आहे. त्या पुस्तकाविषयी माझ्याशी पुन्हा कोणी बोलले नाही.

खोतांना माझी ही चूक सांगितली तेव्हा ते म्हणाले, "ठाकरणीचं मत वहीत? सभासद आहे का ती? किल्ली जड झाली वाटतं तुला." मी किल्ली कमरेला खोचून घरी आलो. देवापुढे रोज उभा राहिलो, तिच्यापुढे नाही. ते उपरणे मी कधी पांघरले नाही. प्रेतावरही घालू नये.

आज तिच्या दारात वही उघडून तिचे बोलणे आणि खालची माझी सही वाचून दाखवली. बराच वेळ ती सुपात नाचणी पाखडत राहिली. मग म्हणाली, "ते ऱ्हाऊ दे. त्या गोष्टीतल्या धाकट्या सुनेचं फुडं काय झालं? तवा अर्धंच ऱ्हायलं."

म्हणून कादंबरी कोंडीला. सत्तर पाने उरली आहेत. दर सोमवारी जाऊन वाचीन. ती पाने संपण्याआधी मी गेलो, तर सिराज यांची लेक सफुरा, जिला अक्षरे मीच शिकवली, तिने उरलेली पाने वाचून दाखवावीत. कंटाळून मधली गाळू नयेत.

वहीतले माझे नाव मी खोडले आहे. तेथे 'कोंडी गोमा दरवडा' असे लिहून तिचा अंगठा घेतला आहे. उतरून आल्यावर वाचनालयात वही जागेवर ठेवली, कुलूप लावले आणि किल्ली खोतांच्या ओट्यावर ठेवून आलो.

सही: धाऊ राघो भोईर

आमच्या डोळ्यांदेखत सही केली, म्हणून साक्षीस:
सिराज मुनाफ मुल्ला
गजा नामा ठोंबरे

मौजे उंबरवणे, तारीख ११ फेब्रुवारी १९३४