सात नंबरचं टोपलं

मावशी, तुला जाऊन सहा वर्षं झाली, आणि गेल्या मंगळवारी मी तुझ्या जिवावर टाळ्या घेतल्या. तुझं नाव घेतलं नाही, तेवढी तरी लाज शिल्लक होती म्हण. मालकाच्या पोरानं हिंगोलीहून एक शिकवणारे सर आणले होते. आपल्या हळद निवडायच्या शेडमध्येच सतरंज्या टाकल्या, आणि सर सांगू लागले, एकजुटीनं काम कसं करायचं, मागं पडलेल्याला कसं सांभाळून घ्यायचं. मग म्हणाले, तुमच्या कामातला असा एखादा अनुभव कोणीतरी सांगा. बाया खाली बघून राहिल्या. सुपरवायझर म्हणून सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं वळल्या, आणि मी उठून तुझी मूठ सांगितली.

चांगली रंगवून सांगितली बाई. मी गोरेगावची पोरगी, कुरुंद्यात दिलेली, बारावी झालेली म्हणून तुम्ही सगळ्या मला मास्तरीण म्हणून चिडवायच्या. मास्तरणीचे हात मात्र कामाला अगदी मठ्ठ. गोल गड्डे वेगळे, लांब हळकुंडं वेगळी, किडकं वेगळं, एवढंच तर काम. पण तुमची टोपली शिगोशीग भरायची तेव्हा माझ्या टोपल्याचा तळ दिसत असायचा. घरी चार महिन्यांचं लेकरू सासूपाशी, छातीत दूध दाटलेलं, सगळं ध्यान तिकडं. मुकादम संध्याकाळी रांगेतून नुसती नजर टाकत जायचा. दोन-तीन दिवस कुणाचं टोपलं अर्धं दिसलं की उद्यापासून येऊ नको. तिसऱ्या दिवशी मी रडकुंडीला आलेली, चहा होऊन बाया परत कामाला लागतायत, आणि तू उठून आपल्या टोपल्यातली एक मूठ माझ्या टोपल्यात टाकतेस. मागून येणारी एक टाकते. तिच्या मागची एक. कोणी बोलत नाही, कोणी माझ्याकडं बघतसुद्धा नाही. मुकादम येतो तेव्हा अकराच्या अकरा टोपली सारखी.

पुढं माझे हात चालायला लागले तेव्हा मीही मूठ टाकू लागले, आणि एकदा टाकून वर बोलले, की घे बाई, आज माझ्यामुळं तुझं भरलं. तू काम थांबवलंस. सगळ्यांदेखत म्हणालीस, "टाकलं तर टाकलं. बोलून काहून दाखवती? बोललीस का ती तुझी मिंधी झाली." दिवसभर मी मान वर केली नाही. तरी दुसऱ्या दिवशी आले तर तू तुझी दारापाशीची उजेडाची जागा मला दिलेली. तिथं वारा लागतो, लेकुरवाळ्या बाईला तीच बरी, म्हणालीस, आणि स्वतः भिंतीकडच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसलीस.

इथपर्यंत सांगून मी बसले. सरांनी वहीत लिहून घेतलं. मालकाच्या पोरानं टाळी वाजवली म्हणून सगळ्यांनी वाजवली. तुझ्या शेजारी बसायची ती मात्र हात मांडीवर ठेवून बसली होती. ती अजून कामाला येते. सुटी झाल्यावर नळावर हात धुताना माझ्या बाजूला आली आणि हळूच म्हणाली, "बाकीचं काहून न्हाई सांगितलंस?"

तेव्हापासून घास गोड लागेना. म्हणून बाकीचं तुला सांगते. तुला माहीत आहे, तरी सांगते.

मुकादम काम सोडून गेला तेव्हा लिहिता-वाचता येणारी म्हणून मालकांनी हजेरी माझ्याकडं दिली. बसायला खुर्ची मिळाली. खुर्ची कसली, एक पाय हलणारा प्लास्टिकचा सांगाडा, पण माझं डोकं तेवढ्यानंच फिरलं. एक दिवस मालक म्हणाले, ही टोपली रोज सारखीच कशी भरतात, सगळ्यांचे हात काय एकाच मापाचे आहेत? मला गप्प बसता आलं असतं. बाया जुन्या आहेत, सवय आहे, असं काही म्हणता आलं असतं. पण आपल्याला किती कळतं हे दाखवायची खाज ना! सगळी मूठ मी उलगडून सांगितली. वर शहाणपण पाजळलं, की यात जास्त काम करणारीचं नुकसान होतं. खरं सांगू? तुम्ही मला पोसलं होतं, ते ओझं मला सहन होत नव्हतं. तू कधी बोलून दाखवलं नाहीस, तरी मी मिंधीच होते, आणि आता खुर्चीत बसून मला कुणाची मिंधी राहायचं नव्हतं.

टोपल्यांवर रंगानं नंबर पडले. तुझा सात. संध्याकाळी एकेक टोपलं काट्यावर. पहिल्या दिवशी चहानंतर दोघी मुठी भरून तुझ्याकडं निघाल्या, तर मी आडवी गेले. नुसती सात नंबरपाशी उभी राहिले. त्या वाटेतूनच फिरल्या. आठ दिवस मी रोज त्या वेळेला तिथं उभी राहत होते, आणि तू खाली मान घालून एकेक हळकुंड डोळ्यापाशी नेऊन बघत होतीस. तुला दिसत नव्हतं, मावशी. किती दिवसांपासून दिसत नव्हतं कुणास ठाऊक. बाया तुला झाकून घेत होत्या, आणि तू कधीकाळी आम्हाला झाकलं होतंस, म्हणून त्यात कुणाला काही विशेष वाटत नव्हतं.

सात नंबर रोज हलकंच भरलं, आणि उद्यापासून येऊ नको हे तुला सांगायचं काम मालकांनी माझ्यावरच टाकलं. शब्द जुळवत मी तुझ्यापाशी आले, तर तूच आधी म्हणालीस, "बरं झालं माय. डोळ्याला लई तकलीफ होऊन राहिली होती. मीच सांगणार होते." डोक्याचं फडकं सोडून झटकलंस आणि घरी गेलीस. तू खोटं बोललीस, माझी पंचाईत होऊ नये म्हणून. हे मला त्याच क्षणी कळलं, आणि तरी मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला आजही किळस येते.

एकदाच घरी आले तुझ्या. तू चुलीपाशी बसून सुपातली तुरीची डाळ चाचपून खडे काढत होतीस, आणि सून सांगत होती, कितीदा म्हटलं नका करू, ऐकतच नाहीत. आवाजावरून मला ओळखलंस. चहा करायला लावलास, लेकराचं विचारलंस, शेडमध्ये आता कोण कुठं बसतं ते विचारलंस. मी सांगितलं, सगळं बराबर चाललंय. खरं तर तेव्हाच शेडमध्ये बोलणं बंद पडलं होतं. जी ती दुसरीकडं पाठ करून आपल्या टोपल्यावर वाकून बसते. मागच्या वर्षी एका बाईला भोवळ आली, तर शेजारणीनं आधी स्वतःचं टोपलं बाजूला सरकवलं आणि मग तिला धरलं. ते मी बघितलं. त्या शेजारणीला काही बोलायचा हक्क मला नव्हता.

हे सगळं हजेरीच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिलंय, आणि ही पानं मी फाडून चुलीत घालणार आहे. पण एक राहिलंय, ते लिहिल्याशिवाय फाडवत नाही. कोणाचं टोपलं हलकं भरेल हे मला आधी काय माहीत, असं मी सगळ्यांना सांगत आले. तुझ्या सुनेलासुद्धा तसंच सांगितलं. मावशी, काटा आणायच्या आधी मालकांनी मला विचारलं होतं, यांच्यात सगळ्यात मागं कोण आहे. मी तुझं नाव सांगितलं.