दिवंगतांचे संग्रह

१२ जानेवारी

आज पुन्हा एक आला! अख्खा संग्रह. लोखंडी पेट्या, एकेक पेटी दोघांनाही उचलवत नव्हती.

मी या लिलावघरात टपाल तिकिटांची वर्णनं लिहायला लागले तेव्हा एवढा मोठा संग्रह वर्षा-दोन वर्षांत एखादा यायचा. म्हातारा जायचा, मुलं भांडायची, मग कधीतरी सगळं आमच्या दारात. आम्ही आठवडाभर नुसते बघत बसायचो. गेल्या उन्हाळ्यापासून हा पाचवा! आणि पाचही गोडबोल्याने आणलेले.

गोडबोल्या हे नाव मीच ठेवलंय. म्हाताऱ्यांची घरं आवरून द्यायचा त्याचा धंदा. नातेवाईक परदेशी, त्यांना वेळ नाही. हा घर रिकामं करतो, सामान विकतो, कागद आणून देतो. तो समोर बसला की चहात साखर नकोशी होते.

मालक खूश आहेत. मला मात्र हे खटकतंय. कारण विचाराल तर सांगता येणार नाही.

१४ जानेवारी

आमच्याकडचा निम्मा माल उचलणारा जुना व्यापारी आला होता. अल्बम चाळत म्हणाला, "बाई, जमवणारी पिढी संपत आली, हे कळतं. पण माणसं काय रांग लावून मरतायत?" स्वतःच हसला. मला हसू आलं नाही.

एवढं एकदम आल्यावर अख्खा संग्रह घेणार कोण? म्हणून मालकांनी ठरवलंय — फोडा. देश वेगळे करा, गठ्ठे बांधा, विका. पहिले चार असेच गेले. फोडायचे माझ्याच हातांनी. माणसाचा जन्म गेलेला असतो त्यात, आणि माझ्या टेबलावर दोन दिवसांत सगळं सुटं. वर मथळा — 'दिवंगत संग्राहकाच्या घरातून'. हा मथळा असला की गिऱ्हाईक जरा जास्त वाकून बघतं. तोही माझ्याच डोक्यातला.

१५ जानेवारी

पाचव्याची पहिली पेटी उघडली. जहाजं! पानापानावर नुसती जहाजं. हे तर जहाजवाले काका! पहिल्या रांगेत बसायचे, बोली लावायच्या आधी खाकरायचे, सगळा हॉल त्यावरून ओळखायचा की आता काका हात वर करणार. मला 'पोरी' म्हणायचे — पन्नाशीच्या बाईला!

गेले? कुणी कळवलंसुद्धा नाही.

गोडबोल्याला विचारलं. म्हणाला, "दोन महिने झाले हो. झोपेतच गेले. काही त्रास नाही."

पेटीच्या तळाशी चष्मा, भिंग, चिमटा. आणि एक डबी. डबीतून बारीक शिट्टी येत होती. उघडली तर कानाचं यंत्र — चालू! आईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, अगदी असंच आहे. त्याचा सेल आठवडा-दहा दिवसांत संपतो, मीच बदलते.

दोन महिने?

१६ जानेवारी

मालकांना सांगितलं. "पेटी भरताना कुणाच्या हातून चालू झालं असेल," म्हणाले. "भाच्याची सही आहे, सगळे कागद आहेत. तुम्ही वर्णनं लिहा." माझ्याकडे न बघता बोलले. हे नवीन आहे.

काकांचा फोन लागत नाही.

१७ जानेवारी

जेवणाच्या सुट्टीत काकांच्या घरी गेले. दाराला कुलूप. पाटी काढलेली, नुसती भोकं. समोरच्या बाई भाजी निवडत दारात बसल्या होत्या.

"काका कधी गेले हो?"

"आठवडा झाला असेल. मला हात करून गेले की!"

"म्हणजे... चालत?"

"मग काय उडत? त्या टेकडीमागच्या वृद्धाश्रमात नेलंय ना त्यांना. तो गोड बोलणारा माणूस आला होता गाडी घेऊन."

जिन्यावरच बसले. माणूस जिवंत आहे आणि मी त्याच्या नावावर 'दिवंगत' लिहून छापायला दिलंय.

बसमध्ये दुसरा विचार आला. मग आधीचे चौघं? ते टपालाने बोली लावणारे, मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. ते खरंच गेले का? की... पुढचं लिहवत नाही.

१९ जानेवारी

आज गोडबोल्या माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसला. पेटीवरून बोट फिरवत म्हणाला, "मॅडम, परवा बाहेर गेला होतात म्हणे."

कुणी सांगितलं ह्याला?

"सासूबाई दुपारी घरी एकट्याच असतात ना? या वयात काळजी वाटते. आमच्याकडे छान व्यवस्था आहे. कधीही सांगा. मी स्वतः येईन त्यांना न्यायला."

मी "हो, हो," म्हणाले! हसलेसुद्धा!

तो गेल्यावर घरी फोन. अर्ध्या तासाने पुन्हा. मग पुन्हा. शेवटी आई ओरडल्या, "अगं, आहे मी जिवंत! मालिका बघू देशील का?"

२० जानेवारी

दाराला आतून दुसरी कडी बसवून घेतली. आईंना सांगितलं, कुणी कितीही गोड बोललं तरी उघडायचं नाही. "मग तू आलीस तर निश्चिंत उघडीन," म्हणाल्या.

२३ जानेवारी

मनात ठेवून राहवेना. जेवताना ह्यांना आणि आईंना सगळं सांगून टाकलं.

हे म्हणाले, "पोलिसांत जा."

"काय सांगू? डबी वाजली म्हणून? भाच्याची सही आहे. आणि मी गेल्याचं त्याला कळलं तर? काकांना तिथून हलवलं तर?"

मग आई ताट सरकवून म्हणाल्या, "मला दाखल करायला ने."

"आई, काहीतरीच काय!"

"अगं, जागा बघायला तर आत घेतील की नाही? गिऱ्हाईक आहे मी. तुला माझा कंटाळा आलाय असं सांग. तुला जमेल ते."

हे हसले. मला रडू फुटलं.

२७ जानेवारी



गेलो आम्ही दोघी. स्वच्छ जागा, फिनेलचा वास, फुलांच्या कुंड्या. आणि खोल्यांना कड्या — बाहेरून! आईंनी माझं मनगट घट्ट धरलं. गोडबोल्या कुठल्याही क्षणी समोरून येईल असं वाटत होतं. तिथली सेविका दाखवत होती, आई आंधळ्या-बहिऱ्याचं सोंग घेऊन हव्या त्या दारात शिरत होत्या. "स्वयंपाकघर हेच का?" करत एका खोलीची कडी काढली, आणि आत काका!

खिडकीशी बसलेले. चष्मा नाही, ऐकू येत नाही. दाढी वाढलेली. मी कानाशी तोंड नेऊन ओरडून नाव सांगितलं. चेहरा चाचपल्यासारखं बघत राहिले. मग म्हणाले, "पोरी, अल्बम विम्यासाठी मोजायला नेलेत. आले का परत?"



आई पुढे झाल्या. काकांचा हात धरून उठवलं आणि निघाल्याच. सेविका आडवी आली — "यांना बाहेर न्यायची परवानगी नाही."

"हे माझे दीर आहेत," आई म्हणाल्या. "घरी जेवायला नेतेय. अडवायचं असेल तर लिहून दे, सही कर, तुझं नाव घाल खाली."

तिने वर फोन लावला. लागेना. तेवढ्यात आम्ही फाटकाबाहेर! टॅक्सीत बसलो. मागे वळून बघायची हिंमत झाली नाही. आई म्हणतात, वरच्या मजल्यावर खिडकीत कुणीतरी उभं होतं.

२८ जानेवारी

काका बाहेरच्या खोलीत झोपलेत. चष्मा आणि यंत्र मी कालच पेटीतून आणून दिलं. कुठल्याच कागदावर सही केली नव्हती म्हणतात. भाच्याला फोन लावला, त्याला तर मामा गेल्याचंच कळवलं होतं! तो फोनवर रडला. म्हणजे त्याची म्हणून दाखवली ती सहीही खोटीच.

हे काकांना घेऊन पोलिसांत गेले. साहेब म्हणाले, लिलावाच्या दिवशी गोडबोल्या पैसे घ्यायला येईलच, तोवर वाच्यता नको. येईल तो आमच्या घरीही! दिवसभर बेल वाजली की आम्ही चौघं पुतळे.

३१ जानेवारी

झालं एकदाचं!

हॉल भरलेला. गोडबोल्या भिंतीशी उभा, आज एकदाही हसला नाही. काकांना आम्ही मागच्या दाराने आणून खांबाआड बसवलं. मालकांनी वाचायला घेतलं, 'दिवंगत संग्राहकाच्या घरातून, जहाजं, पहिला गठ्ठा...' आणि खाकरल्याचा आवाज आला.

सगळ्या माना वळल्या. काकांनी हात वर केला होता.

मालकांच्या तोंडून सवयीने निघालं, "बोली?"

"नाही," काका म्हणाले. "दुरुस्ती. मी हयात आहे."

गोडबोल्या दाराकडे सरकला. जुना व्यापारी न उठता खुर्चीसकट मागे रेलला, वाट बंद. "बसा हो," म्हणाला, "अजून लिलाव संपला नाही." मग साध्या कपड्यांतले दोघं उठले.

मालक माझ्याजवळ आले. "मला माहीत नव्हतं." मी म्हटलं, "विचारलंही नव्हतं." त्यांना म्हटलं की स्वतःला, ठाऊक नाही.

२ फेब्रुवारी

सकाळी पोलिसांचा फोन. ते चौघं सापडले. तिथेच, वरच्या मजल्यावर. जिवंत! चौघंही! मी ओरडलेच, आई धावत आल्या.

मग साहेब म्हणाले, "बाई, चौघं एकच विचारतायत. अल्बम कधी परत येणार?"

मी फोडले ते. शेकडो घरांत गेले. मी म्हटलं, त्यांना काही सांगू नका, मी येते.