सासऱ्यांच्या जागी जावई

५ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

नमस्कार नेहमीसारखाच वाकून केलाय, पण थोडा रागावून. तुम्ही आत्याकडे जाऊन तीन आठवडे होत आले आणि फोन अजून बंदच. वार्ताहरांचा ससेमिरा नको म्हणून बंद ठेवलात हे कळतं, पण मी काही वार्ताहर नाही. म्हणून हे पत्र. ते तरी तुम्हाला बंद करता येणार नाही.

क्लबने तुम्हाला दुपारी काढलं आणि संध्याकाळी तुमच्या सहायकाला, म्हणजे तुमच्याच जावयाला, नवा प्रशिक्षक मिळेपर्यंत संघ बघा म्हणून सांगितलं. यांनी तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही नुसतं ‘सांभाळ’ म्हणालात आणि बॅग भरायला गेलात. हे त्या एका शब्दापाशी अजून अडकून आहेत. तो होकार होता की टोमणा, असं मला आडून आडून विचारतात. मी काय सांगणार? तुमच्या एकशब्दी उत्तरांचा अर्थ मला जन्मात लागला नाही.

आतापर्यंत दोन सामने जिंकले, एक बरोबरीत सुटला. पेपरवाले रोज लिहितात, हंगामी कसला, खांबालाच कायम करा. गोलकीपर असताना लोकांनी यांना ठेवलेलं ते नाव काही सुटत नाही. पण तुमच्या खोलीत हे पाऊल टाकत नाहीत. खेळाडूंची बैठक कपडे धुण्याच्या खोलीत, यंत्रांच्या घरघरीत घेतात. कप्तान म्हणे उपड्या टोपलीवर बसतो. घरी जेवताना चमचे, पेले आणि मीठदाणी मांडून संघ उभा करतात. परवा छोटीने मीठ घेतलं तर बचाव उघडा पडला म्हणून तिच्यावर वैतागले. ती हसली, मग यांचा चेहरा बघून गप्प झाली.

माझंही चित्त थाऱ्यावर नाही. काल दातांच्या प्रयोगशाळेत एका आजींच्या कवळीला वेगळ्याच छटेचे दात बसवले. सगळे काढून पुन्हा लावावे लागले.

एकच सांगा. राग आमच्या सगळ्या घरावर आहे, की एकट्या यांच्यावर?

आत्याला नमस्कार. लोभ चालू असू द्या, जमलं तर फोनही.

तुमची
चिमणी

*

१२ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

इकडे मी ठीक. अक्का मला रिकामं बसू देत नाही. कुंपण रंगवून झालं, आता गळक्या नळांवर सोडलंय. म्हणते, अख्खा संघ पळवायचास आणि एक नळ आवरत नाही?

सामने मी ऐकत नाही. शेजारी रेडिओ मोठ्याने लावतो, त्याला माझा इलाज नाही. डावीकडून सारखा मार बसतोय, तिथे त्या थकलेल्या पोराला खांब अजून का खेळवतोय कळत नाही. हे आपलं सहज लिहिलं.

रागाचं म्हणशील तर पद गेल्याचा राग नाही. संघ हरत होता. मी अध्यक्षांच्या जागी असतो तर मला महिनाभर आधीच नारळ दिला असता. पण एक गोष्ट घशात काट्यासारखी रुतून बसलीय. निघताना क्लबचा भांडारवाला सांगत होता, अध्यक्षांनी खांबाच्या कानावर सकाळीच घातलं होतं. मी दुपारपर्यंत मैदानावर घसा फोडत होतो. पोरांना पुढच्या महिन्याचे बेत समजावत होतो. आणि तो माझ्या शेजारी उभा राहून माना डोलवत होता. हे खरं का, एवढं त्याला विचार. खरं असेल तर मला गोड करून सांगू नकोस.

आणखी एक. परवा अध्यक्ष स्वतः गाडी घेऊन इथवर आले. जावयाला कायम करावं का, असं विचारत होते. त्याला माझ्याइतकं कोण ओळखतं म्हणे. ज्याला घराबाहेर काढलं त्यालाच विचारायचं, आता कुलूप कुठलं लावू! मी म्हटलं, महिनाअखेरीस लेखी कळवतो. अक्काने त्यांना बिनसाखरेचा चहा दिला आणि वर अजून हवा का विचारलं.

छोटीला पापा. तुझ्यावर राग नाही, हे वेगळं लिहायला लागू नये.

तुझे
बाबा

*

१७ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

विचारलं. खरं आहे.

त्या सकाळी अध्यक्षांनी यांना फाटकातच गाठलं. हे तुमच्याकडे दोनदा आले होते. पहिल्यांदा तुम्ही फोनवर होतात, हातानेच ‘नंतर’ म्हणालात. दुसऱ्यांदा यांनी तोंड उघडायच्या आत तुम्ही सगळ्या पोरांसमोर झापलंत, की सरावाचे शंकू चुकीचे मांडलेत. हे निमूट शंकू उचलायला गेले. मी विचारलं, मग तिसऱ्यांदा का नाही गेलात? तर म्हणाले, तोवर माझं धाडस संपलं होतं. बाकी सबब काही सांगितली नाही. मी गोड केलेलं नाही, कडूही केलेलं नाही.

आता माझं मागणं. अध्यक्षांना ‘नाही’ कळवा.

दचकू नका. यांना काम येत नाही असं मला म्हणायचं नाही, मला त्यातलं कळतही नाही. पण तुम्ही हरून घरी यायचात तेव्हा मी त्या घरात होते, बाबा. आई ताट वाढून समोर बसायची आणि तुम्ही तिच्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे बघत जेवायचात. जिंकून आलात तरी तसंच, फक्त जेवण जास्त जायचं. आई शेवटपर्यंत कधी काही बोलली नाही. काल छोटी वर्गात सगळ्यांसमोर पहिल्यांदा गाणं म्हणाली, ते तिच्या बापाला सांगत होती. बाप हं हं करत होता आणि नजर तीच, तुमची.

हंगामी आहे तोवर निदान सुटायची आशा आहे. एकदा कायम झालं की मीही आईसारखी गप्प बसायला शिकेन. मला ते शिकायचं नाही.

हे यांना कळू देऊ नका. उत्तर लवकर द्या, जीव टांगणीला लागलाय. माया पातळ करू नका.

तुमची
चिमणी

*

२५ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तो आला होता, आठवलं. मला वाटलं नेहमीसारखं काही किरकोळ विचारायचं असेल. जो माणूस मला सावध करायला आला त्याला मी शंकू वेचायला लावलं. तेव्हा घशातला काटा निघाला, आणि निघताना मलाच टोचला.

शनिवारी अक्काला बाजारात जातो सांगून सामन्याला आलो होतो. तुम्हाला कळवलं नाही. टोपी कानांवर ओढून पाहुण्या संघाच्या लोकांत बसलो. आपण हरलो. ‘आपण’ म्हणायची खोड जात नाही. उत्तरार्धात खांबाने कप्तानाला बाहेर घेतलं. सगळं मैदान खांबाच्या नावाने ओरडत होतं. मी असतो तर कप्तानाकडे पाठ करून उभा राहिलो असतो, तो आणि मी दोघेही आठवडाभर फुगून बसलो असतो. खांब जाऊन त्याच्याशेजारी बसला. काय बोलला देव जाणे, पण जरा वेळाने कप्तान उठला आणि त्याच्या जागी गेलेल्या पोराला कडेने ओरडून सांभाळून घ्यायला लागला. मला हे इतक्या वर्षांत कधी जमलं नाही. जमवावं असं सुचलंही नाही.

म्हणून ‘नाही’ असं मी लिहू शकत नाही. तुझ्यासाठी मी पुष्कळ करीन, पण त्याच्या कामाबद्दल खोटं लिहिणार नाही.

मात्र ‘हो’ सुद्धा अजून लिहिलेलं नाही. अध्यक्ष माझं मत मागतात, तू माझं मत फिरवायला बघतेस, पेपरवाले आपलं मत फुकट वाटतात. ज्याच्या मानेवर जू ठेवायचं त्या बैलाला कोणी विचारलंय का? मी तर नाहीच विचारलं, ‘सांभाळ’ म्हणून मोकळा झालो. तो टोमणा नव्हता, त्याला सांग. त्याच्यापुढे रडू फुटेल अशी भीती होती, म्हणून एकच शब्द बोललो. तू त्याला विचार, आणि मला जे लिहिलंस ते सगळं त्याला सांग. मग मला कळव. तोवर अध्यक्ष थांबतील.

तुझ्या आईबद्दल लिहिलंस ते वाचलं. पत्र दोन दिवस खिशात घेऊन फिरलो.

तुझे
बाबा

*

२० मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझा भाऊ सुखरूप पोचला. विजार तीच होती, कुंपणाच्या रंगाने माखलेली. इथे आल्यावर छोटीने त्यांना ताब्यात घेतलंय, त्यामुळे मोकळे नाहीत.

तुला सगळं ठाऊक आहेच, बाबांनी काही सांगितलं नसलं तरी तू काढून घेतलं असशील. मी यांना विचारलं. दोघं मिळून भांडी पुसत होतो. हे म्हणाले, हवंय, फार हवंय, आणि हवंय हे तुला सांगायचीच भीती वाटत होती. मग मी माझं सगळं सांगितलं. दोन दिवस आमच्यात धड बोलणं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मीच बाबांना कळवलं की ‘हो’ लिहा. मनापासून लिहिलं असं म्हणणार नाही. पण इतकी हौस मारून घरी बसवलेल्या माणसाची नजर तरी कुठे जागेवर राहिली असती?

पुढच्याच आठवड्यात सह्या झाल्या. अध्यक्षांनी बाबांना सल्लागार व्हा म्हणून आग्रह केला. बाबांनी हात जोडून नको म्हटलं, आणि अक्काच्या बिनसाखरेच्या चहाचं उट्टं काढू नका असंही म्हणाले म्हणे.

काल कायम झाल्यानंतरचा पहिला सामना होता. चार गोलांनी हरलो. जे लोक खांबाला कायम करा म्हणत होते, तेच खांब उपटा म्हणून ओरडायला लागले. सगळी गॅलरी एका सुरात. बाबा माझ्या शेजारी होते. जानेवारीत याच लोकांनी त्यांची पाठवणी केली होती. मला वाटलं, उठून भांडतील. ते उठले नाहीत. माझी पिशवी मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले, जशी काही ती कोणी पळवणार होतं.

संध्याकाळी चौघं जेवायला बसलो. दोघे पुरुष ताटात मान घालून. छोटीसुद्धा कुजबुजत भात मागायला लागली. मला ते सहन होईना. मी बाबांना विचारलं की अशा संध्याकाळी आई काय करायची. चिडवायला नाही विचारलं, आत्या, मला खरंच जाणून घ्यायचं होतं. तिचं काहीतरी असेलच ना, घर चालू ठेवायचं.

बाबांनी घास खाली ठेवला. म्हणाले, “मला माहीत नाही गं. मी कधी बघितलंच नाही.”

त्यांचा आवाज तू ऐकला असतास तर तुलाही वाटलं असतं, उगाच विचारलं. मग यांनी खुर्ची सरकवली, माझ्याकडे वळून बसले आणि माझा दिवस कसा गेला ते विचारलं. मी म्हटलं, वाईट गेला, लोक ओरडत होते तेव्हा उठून घरी पळून यावंसं वाटत होतं. मग कवळ्यांचं सांगितलं, त्या आजींचं सांगितलं, काय वाट्टेल ते सांगत सुटले. हे ऐकत होते. टेबलाखाली यांचा गुडघा सारखा हलत होता, आणि कप्तान उद्या काय म्हणेल हेच निम्म्या डोक्यात असणार, मला दिसत होतं. तरी ऐकत होते. बाबा एकदा यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते, एखादा खेळ पहिल्यांदाच बघणाऱ्यासारखे.

हे किती दिवस टिकेल सांगता येत नाही. शनिवारी पुन्हा सामना आहे, तोही बाहेरगावी.

तब्येतीला जप. लोभ नेहमीचा पुरे, शनिवारी तेवढा थोडा जास्त असू दे.

तुझी
चिमणी