चिंचेने घासलेली बंदूक

आई, आजोबांची दुनळी बंदूक विकायची ठरली आहे आणि त्यावरून माझं नि दादाचं चांगलंच वाजलंय. भातात उतरणाऱ्या रानडुकरांसाठी घेतलेली ती बंदूक तुझ्या हयातीत क्वचितच उडाली. पण दर खंडेनवमीला, पूजेत मांडायच्या आधी, तू ती परसात न्यायचीस आणि तांब्याचा हंडा घासावा तशी चिंच नि राख लावून खसाखसा घासायचीस. बाबा कुरकुरायचे, लोखंड आहे ते, भांडं नव्हे. तू मान वर न करता म्हणायचीस, "देवापुढं ठेवायची वस्तू हाय. मळकी चालंल व्हय?"

गेल्या महिन्यात नागावहून एक गृहस्थ ती बघायला आले. रीतसर परवाना काढून जुन्या बंदुका जमवतात ते. नळ्यांवरून बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाले, कारखान्यातून आलेला मूळ काळा रंग पार गेलाय, वेलबुट्टीही जवळजवळ पुसलीय. मूळ रूपात असती तर संग्रह करणाऱ्यांनी डोक्यावर घेतली असती. एवढी घासली कुणी, असं त्यांनी विचारलं तेव्हा दादाने भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडे पाहिलं. मला हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले.

दादाचा बेत तयारच होता. कारागिराकडून नळ्या पुन्हा काळ्या करून घ्यायच्या, वेलबुट्टी नव्याने कोरायची, तू तांब्याच्या तारेने बांधलेला तडकलेला लाकडी दस्ता बदलायचा. गृहस्थ म्हणाले, तसं केलंत तर मला नकोच. झिजलेली वस्तू खरी असते, नवा मुलामा चढवला की तिची उरलीसुरली किंमतही जाते. गंज धरू नये म्हणून तेलाचा हात पुरे. ते गेल्यावरही दादा हेका सोडेना. दुसरं गिऱ्हाईक बघू, म्हणाला. तेव्हा मी स्पष्ट सांगितलं, "वारस म्हणून माझी सही लागते. आईचा हात पुसून टाकणार असशील तर ती मिळायची न्हाय."

दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी चहा पिताना पुटपुटला, "ऱ्हाऊ दे मग, हाय तशी." दिवाळीनंतर ती नागावला जाईल, तुझ्या तारेसकट. किंमत कमी येईल, येऊ दे. तुझं चुकलंच, आई, पण ते मी कुणाला झाकू देणार नाही.

परवाची खंडेनवमी तिची आपल्या घरातली शेवटची. आता घासणार नाही असा गृहस्थांना शब्द दिला होता, म्हणून मी नुसतं तेलाचं फडकं फिरवलं. हे पत्र कुठेच जायचं नाही, तेव्हा एवढं सांगून टाकते. चापाभोवतीच्या कडीला आतल्या बाजूने, जिथे कुणाची नजर जात नाही, बोटाने जराशी चिंच लावली. लख्ख निघाली गं.