अठरा टक

३ तारीख, सोमवार

"बोटांकडे बघते ती टायपिस्ट नव्हे, दाणे टिपणारी कोंबडी," असं आमच्या टायपिंगच्या बाई म्हणाल्या होत्या. तेव्हा मी सतरा वर्षांची होते. त्यानंतर मी बोटांकडे पाहिलेलं नाही. टाइप करताना नाही, विणताना नाही, आणि गेली अकरा वर्षं इन्सुलिन घेतानाही नाही. पेनाचं बटण फिरवायचं, अठरा टक मोजायचे, टोचायचं. नजर खिडकीबाहेर.

आज दवाखान्यात कळलं, माझं पेन बंद. यादीतून काढलं म्हणे. कोणी? कोणाला विचारून? डॉक्टर म्हणाले, औषध तेच, पेन वेगळं. नर्स दहा मिनिटं काहीतरी समजावत होती. मी हो हो म्हणत मनात तक्रारीचं पत्र रचत होते. पत्र फार छान जमलंय.

निश्चय: शांत राहायचं.

४ तारीख, सकाळी ७

नवं पेन लठ्ठ आणि राखाडी. आकड्याची खिडकी इतकी बारीक की मुंगीलाही चष्मा लागेल. मला आकड्याची गरज नाही, हा भाग वेगळा. कान शाबूत आहेत. अठरा टक.

धाकटी बहीण चहा गाळता गाळता म्हणाली, "ताई, आण इकडे, मी आकडा बघते." म्हटलं, "तुला दहापर्यंत मोजता येत नव्हतं तेव्हापासून मी तुझ्या वेण्या घालतेय. माझी आया होऊ नकोस." ती म्हणाली, "बरं. परत विचारणार नाही." उत्तम.

डोळ्यांच्या डॉक्टरांचं पाच महिन्यांपूर्वीचं कार्ड तिने पुन्हा फ्रिजवर लावलंय. मी त्यावर कॅलेंडर टांगलं.

पेनाच्या डब्यात घड्या घातलेला लांबलचक कागद निघाला. कामाचा आहे. ऑफिसातल्या टेबलाचा डुगडुगणारा पाय स्थिर झाला.

६ तारीख

अकराच्या सुमारास हात थरथरले. रागाने. घाम फुटला. रागानेच. प्रचंड भूकही लागली. रागाने भूक लागते हे माहीत नव्हतं.

उघड आहे. या पेनात पाणी भरलंय, म्हणून माझी साखर वाढलीय. उपाय: नाश्ता बंद, डबा अर्धा.

साखर मोजायच्या मीटरने मोठ्या आकड्यांत एकसष्ट दाखवलं, म्हणजे साखर कमी. पण मीटरही त्याच औषधवाल्याकडचं. ते कशाला खरं बोलेल?

७ तारीख

वकीलसाहेबांनी एक करारनामा दुसऱ्यांदा मागितला म्हणून त्यांच्यावर ओरडले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. ते म्हणाले, "बाई, तुम्ही पांढऱ्याफटक दिसताय." म्हटलं, अन्याय झाला की माणूस असाच दिसतो.

ज्युनिअर वकील मुलीने बिस्किटांचा पुडा पुढे केला. "मॅडम, एक तरी घ्या ना." मी तो बाजूला सारला. मग फायलींच्या कपाटाआड जाऊन सहा खाल्ली. दहा मिनिटांत बरं वाटलं. म्हणजे राग आवरणं मला जमू लागलंय.

१० तारीख

कंपनीला पत्र टाइप केलं. दोन पानं, एका दमात, डोळे मिटून. अशी धार माझ्या लेखनाला कधीच आली नव्हती. आधी वकीलसाहेबांना दाखवलं. त्यांनी पान उलटंसुलटं करून पाहिलं आणि हळूच विचारलं, "ही भाषा कोणती?"

पहिल्या ओळीपासून दोन्ही हात एक घर उजवीकडे सरकले होते. खुर्ची हलवली होती कोणीतरी. साफसफाईवाली असणार.

११ तारीख

पुरावा मिळाला! पेन आठव्या दिवशी संपलं. जुनं पंधरा दिवस टिकायचं. म्हणजे पाणी भरतात, आणि तेही निम्मंच!

तडक औषधवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "रोज किती घेता?" म्हटलं, "अठरा. अकरा वर्षं अठरा. तू मला शिकवू नकोस." रांगेतले सगळे माझ्याकडे बघू लागले. पाठिंबा होता त्यांचा. तो म्हणाला, "मावशी, एकदा पेन घेऊन या, मला दाखवा." पुरावा लंपास करायचा बेत. नाही गेले.

१३ तारीख

उद्या कंपनीला फोन. पोटात काही न घेता करणार. भरल्या पोटी मी फार सौम्य बोलते.

१४ तारीख, दवाखान्यातून परत, संध्याकाळ

फोन झाला नाही. नंबर फिरवता फिरवता मी टेबलाखाली होते. शुद्ध आली तेव्हा ज्युनिअर मुलगी माझ्या तोंडाला साखरेचं पाणी लावत होती आणि डोळ्यांसमोर टेबलाचा पाय होता. त्याखाली तो कागद.

बहीण कामावरून धावत आली. एका पायात तिची चप्पल, दुसऱ्यात भलत्याचीच.

दवाखान्यात नर्स म्हणाली, "रोज घेता तसं करून दाखवा." मी खिडकीबाहेर बघत बटण फिरवलं. अठरा टक. अचूक. तिने पेन माझ्यासमोर धरलं. "वाचा."

"अठरा," मी म्हणाले.

"नीट बघून वाचा, बाई."

बघितलं. राखाडी चौकोनात काळा डाग. अगदी जवळ घेतलं. डाग मोठा झाला, एवढंच.

"अठराच," मी ठामपणे म्हणाले.

मग बहिणीने वाचलं. "छत्तीस, ताई." या पेनाचा एक टक म्हणजे दोन युनिट. नर्सने ते पहिल्याच दिवशी तीनदा सांगितलं होतं म्हणे. कागदावरही छापलंय, ठळक अक्षरांत.

रागवायला कोणी उरलं नाही. मी सगळीकडे शोधलं. बहीण रिक्षात माझा हात धरून बसली होती, पण बाहेर बघत.

१५ तारीख

कॅलेंडर काढलं. कार्डावरचा फोन नंबर ज्युनिअर मुलीकडून वाचून घेतला. डोळ्यांची तपासणी सोमवारी. पाच महिन्यांपूर्वी केली असती तर काय झालं असतं, हे डॉक्टरांना विचारणार नाही.

नर्सने सांगितलंय, आता नऊ टक, आणि प्रत्येक वेळी आकडा कोणाकडून तरी वाचून घ्यायचा. कोणाकडून तरी म्हणजे कोणाकडून, हे तिने लिहून दिलं नाही.

आज शेजारणीने वाचला. रोज तिला कसं बोलवायचं? बहीण तेव्हा ओट्याशी पाठ करून उभी होती. परत विचारणार नाही म्हणाली होती, विचारलं नाही. शब्दाची पक्की आहे. मीच वाढवलंय तिला तसं. आता मी विचारलं तर नाहीच म्हणेल. म्हणायलाच हवं.

तरी चिठ्ठी लिहिली. हाताने, बोटांकडे बघत, अक्षरं पेल्याएवढी मोठी काढून, मला परत वाचता येतील अशी. तिच्या डब्यावर ठेवलीय.

'उद्या सकाळी सात वाजता आकडा वाचशील का? आणि परवा?'