कडक जेली

सोमवार, ४ मे

मेहुण्याचा फोन. मला नाही, हिला! माझं काम असलं की तो बहिणीला फोन करतो. आधी उन्हाळा, मग गच्चीचं नवीन छप्पर, मग खुर्च्या... ताकाला जाऊन लपवलेलं भांडं बऱ्याच वेळाने बाहेर आलं. १६ तारखेला त्याच्या गच्चीवर पार्टी आहे. ऑफिसचे लोक, साहेबसुद्धा. आणि त्याला हवे आहेत जेली शॉट. छोट्या प्लॅस्टिकच्या कपात जेलीचे चार रंगांचे थर आणि आत व्होडका. व्हिडिओ बघून स्वतः करून पाहिले म्हणे. सगळे रंग एकमेकांत मिसळून गढूळ पाणी झालं.

"भाऊजी कवळ्या ओततात ना, त्यांचा हात बसलेला आहे."

ही म्हणाली, "ह्यांना? दारूचं काम?" मग म्हणाली, "बघते."

फोन स्पीकरवर होता आणि मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत होतो. म्हणजे पेपर धरून बसलो होतो.

मंगळवार, ५ मे

हो म्हणालो. नाही म्हटलं असतं तर सगळे म्हणाले असते, अजून धास्ती आहे बिचाऱ्याला. हो म्हटलं तर म्हणणार, बघा, जीव अजून तिकडेच! इकडे आड, तिकडे विहीर. निदान विहिरीत जेली तरी आहे.

खरं तर गेल्या वर्षी दवाखान्यातून घरी आलो तेव्हापासून थेंबाला शिवलेलो नाही. कवळ्यांच्या लॅबमध्ये हात थरथरत नाहीत. दातांचे डॉक्टर पूर्वी माझी प्रत्येक कवळी उजेडात फिरवून फिरवून बघायचे, आता न बघता पेशंटच्या तोंडात घालतात. घरी मात्र संध्याकाळी दार उघडलं की ही आधी माझ्या हातातली पिशवी घेते, मग जरा पुढे वाकते आणि हुंगते. दूध नासलंय का बघावं तसं! मग म्हणते, "या."

त्या एका "या"साठी मी रोज जिन्यात थांबतो, तळहातावर श्वास सोडून बघतो. काही नसतंच. तरी बघतो. मला जास्त काही नको. एके दिवशी तिने न हुंगता "या" म्हणावं, बस्स.

बुधवार, ६ मे

मेहुणा स्वतः येऊन दोन बाटल्या देऊन गेला. कुणाला? मी समोर उभा, त्याच्यासाठी पाण्याचा ग्लास धरून. माझ्या खांद्यावरून हात लांब करून म्हणाला, "ताई, तुझ्याकडे ठेव गं." मी जणू कोट अडकवायची खुंटी!

बाटल्या हिच्या कपाटात गेल्या, चादरींच्या मागे. किल्ली पर्समध्ये. लागेल तेव्हा लागेल तेवढी मीच काढून देईन, म्हणाली. मी म्हटलं, बरं.

गुरुवार, ७ मे

आज दारूशिवाय नुसती जेली करून पाहिली. साधं काम नाही! जिलेटिनची पूड आधी गार पाण्यात फुलवायची, मग गरम पाण्यात विरघळवायची, रंग आणि फळाचा अर्क घालायचा, पहिला थर ओतून फ्रिजमध्ये ठेवायचा. दुसरा थर गरम ओतला की पहिला वितळतो — मेहुण्याचं तेच झालं. आणि फार वेळ थांबलं तर पहिला इतका घट्ट होतो की दुसऱ्याला धरतच नाही. कप उलटा केला की दोघं वेगवेगळे घसरून पडतात. बोट लावलं की थर बोटाला चिकटला पाहिजे, पण बोट आत जाता कामा नये. त्या घटकेला, कोमट झालेला वरचा थर चमच्याच्या पाठीवरून हळू सोडायचा.

संसाराचंही असंच, असं लिहिणार होतो. पण आजच इतकं शहाणपण बरं नव्हे.

शुक्रवार, ८ मे

मेहुण्याच्या बायकोचा हुकूम — पिवळ्या थरात ताजा अननसच हवा! घातला. सकाळपासून फ्रिजमध्ये आहे, संध्याकाळ झाली तरी नुसतं डुचमळतंय. लॅबमधली पोरगी म्हणाली, कच्चा अननस जेलीला बसूच देत नाही, आधी उकळा. उकळला. मुकाट्याने बसली. काही माणसांचंही असंच असतं. नाव लिहीत नाही, त्याची बायको चांगली आहे.

रविवार, १० मे

आज पहिल्यांदा दारू घालून.

लॅबमधला मास्क घरी आणला होता. कवळीच्या रसायनाचा उग्र वास येऊ नये म्हणून लावतो तो, दोन्ही बाजूंना डब्या असलेला. तो चढवून ओट्यापाशी उभा राहिलो. ही बाटली घेऊन आली आणि दारातच थबकली.

"हे काय सोंग?"

"वास नको."

बघत राहिली. बाटलीचं सील तिने आधीच फोडून ठेवलं होतं आणि काचेवर पेनने एक रेघ मारली होती. "इथपर्यंतच," म्हणाली आणि गेली बाहेरच्या खोलीत. मला आणि बाटलीला एकटं सोडून! ओतलं. झाकण लावलं. हाक मारली. तिने बाटली डोळ्यांसमोर धरली, रेघ पाहिली, कपाटात ठेवली, किल्ली फिरवली.

मी शाळेतल्या पोरासारखा बाजूला उभा. पेपर तपासून होईपर्यंत.

सोमवार, ११ मे

व्हिडिओतला माणूस सांगतो, दारूने जेली मऊ पडते, पूड वाढवा. वाढवली होती. सकाळी बघतो तर खोडरबर! फेकला असता तर परत हातात आला असता. मनातून मात्र बरं वाटलं. त्या व्हिडिओवाल्याची दारूतली जेली लुळी पडते, माझी ताठ उभी राहते. शेवटी हात लागतो! कवळ्या काय कुणीही करतं?

चव कुणी बघायची हा प्रश्न होता. मी बघायची नाही, हिने जन्मात तोंडाला लावलेली नाही. म्हणून खालच्या मजल्यावरच्या रिटायर्ड पोस्टमास्तरांना बोलावलं. ते माझेच गिऱ्हाईक, खालची-वरची दोन्ही कवळ्या माझ्याच. एक खाल्ला. डोळे मिटले. गालावर हात ठेवला.

"कडक आहे हो!"

दुसरा दिला. तो खाऊन म्हणाले, "फारच कडक." आणि उठले. जिना उतरताना कठडा घट्ट धरला होता! मी हिला म्हटलं, चढली बघ म्हाताऱ्याला. ही हसली. हिला असं हसताना बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

मंगळवार, १२ मे

आज दारात हुंगलं नाही. सर्दी झाली असावी.

बुधवार, १३ मे

आजही नाही. पिशवी घेतली, "या" म्हणाली आणि वळली. मी दारातच उभा, पुढे झुकलेला. सवय!

जेवताना विचारलं, "नाक चोंदलंय का गं?"

"नाही. का?"

"काही नाही."

पोळी वाढताना गालात हसत होती का? की मला भास होतायत? पूर्वी भास झाले तर कारण तरी असायचं.

शुक्रवार, १५ मे

सुट्टी घेतली. आज सगळा माल. फ्रिजमधलं दूध, भाजी, सगळी मंडळी पोस्टमास्तरांच्या फ्रिजमध्ये पाहुणी गेली. लाल, पांढरा, केशरी, पिवळा. पांढऱ्यात डब्यातलं आटवलेलं दूध. पूड कमी केली, आता बेताची बसते. ट्रे तिरका ठेवून काही कपांत तिरके थरसुद्धा काढले. लॅबमधला अनुभव वाया जात नाही.

दुपारी ही पिशवी घेऊन निघाली. "जरा खाली जाऊन येते." दुसरी बाटली ओट्यावर. उघडी. रेघसुद्धा मारलेली नव्हती.

खोटं का लिहू? तोंडाला पाणी सुटलं. मास्क होता, वास येत नव्हता, तरी सुटलं. हात आपोआप बाटलीकडे गेला — त्या दवाखान्यानंतर पहिल्यांदाच. एक झाकणभर घेतली तर कुणाला कळणार होतं? कुणालाच नाही. मी खुर्ची ओढली आणि हातांवर बसलो. अक्षरशः! पन्नाशीचा माणूस स्वयंपाकघरात मास्क लावून स्वतःच्या हातांवर बसलाय. कुणी पाहिलं असतं तर पुन्हा दवाखान्यात नेलं असतं. मग उठलो, मापाने ओतलं, झाकण लावलं. अर्धी बाटली उरली. केशरी थर जरा वाकडा बसला. असू दे.

ही आली. माझ्याकडे पाहिलं, मग बाटलीकडे. हातातली मेथी ओट्यावर ठेवली आणि तिथेच निवडायला बसली, माझ्या शेजारी. एवढंच.

रविवार, १७ मे

कालची पार्टी. बापरे!

ट्रे गेले की नुसता फडशा. "कुणी केले? कुणी केले?" मेहुणा म्हणतो, "आमच्या भाऊजींनी." आमच्या! साहेब म्हणजे करारी माणूस, इस्त्री केलेलं तोंड. तिसऱ्या कपाला टाय डोक्याला बांधला आणि खुर्चीवर चढून नाचले. कॅशियरबाईंनी चपला हातात घेऊन गाणं म्हटलं. चांगलं म्हणतात. दारू म्हणाल तर जेलीतली तेवढीच, बाकी नुसतं लिंबूपाणी. मी कोपऱ्यात ते धरून उभा. एवढ्या लोकांत शुद्धीवर मी एकटा! काय दिवस आले, असं वाटलं.

मग बघतो तर ही जेली खातेय. एक नाही, तीन! धावत गेलो.

"अगं, काय करतेस!"

"तुम्ही केलंय ना? मग मी खायचं नाही?" आणि हसत साहेबांचा नाच बघायला गेली. डुलत नव्हती, अडखळत नव्हती. मला वाटलं, पहिलटकरणीला उशिरा चढत असेल. जातानाची काळजी मीच करत बसलो. मी! हिची!

पण खरं पुढेच. मेहुण्याने मला पाण्याच्या टाकीमागे ओढलं, गळ्यात पडला आणि रडायला लागला.

"भाऊजी, मी ताईला सांगितलं होतं, बॅग भर आणि चल. दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा तर गाडी घेऊन खाली उभा होतो. ती उतरलीच नाही. म्हणाली, अजून एकदा बघते. मला तुमचा फार राग होता हो. आज नाही. आज खरंच नाही."

मला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. गाडी खाली उभी होती तेव्हा मी वर कुठल्या अवस्थेत असेन ते कळलं. मी त्याच्या पाठीवर थोपटत राहिलो. दुसरं काय करणार!

आज सकाळी त्याचा फोन. चक्क मला! "काल जरा जास्त चढली होती भाऊजी. काही वेडंवाकडं बोललो असेन तर मनावर घेऊ नका." मी म्हटलं, छे, मला काही आठवतच नाही. दारूतलं बोलणं कशाला धरायचं? पण दिवसभर धरूनच बसलोय. खरं बोलला असेल का?

मंगळवार, १९ मे

संध्याकाळी सरबत करताना ही म्हणाली, "बर्फ काढता का जरा?" फ्रीजर उघडला. ट्रेच्या शेजारी ती उरलेली अर्धी बाटली. हलवली. आवाज नाही. दगड!

व्होडका घरच्या फ्रीजरमध्ये गोठत नाही. बाकी कशात नसलो तरी ह्या विषयात मी पंडित आहे.

साहेबांचा नाच, कॅशियरबाईंचं गाणं, मेहुण्याची "चढली होती" — सगळं पाण्यावर! म्हणजे तो जे बोलला ते शुद्धीत बोलला. आणि पोस्टमास्तर बिचारे कवळी सांभाळत खरंच सांगत होते, जेली कडक आहे म्हणून.

वळलो. ही दारात उभी, पदराला हात पुसत.

"कधी ओतलीस?"

"त्याने आणून दिली त्याच दिवशी. दोन्ही. मोरीत." मग, "रागावलात?"

रागावलो होतो. मास्क लावला, हातांवर बसलो, आणि हिचा विश्वास मुळातच नव्हता! तोंड उघडणार तेवढ्यात तिने ती गार बाटली माझ्या हातातून काढून घेतली.

"एक घोट जरी घेतला असतात ना," ती म्हणाली, "तर त्याच दिवशी कळलं असतं तुम्हाला."